उद्घाटनापर्यंत कोणीही हात लावू नये

५ मार्च, सोमवार

आले. चोवीसच्या चोवीस कॉम्प्युटर. लॉरीतून, केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळून. दार-एस-सलामच्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेले, पण आमच्या शाळेला नवेकोरे.

आजपासून रोजनिशी लिहिणार. एवढं काम उभं राहतंय, ते कसं झालं हे कुठेतरी कागदावर हवं. वाचायला मात्र कोणाला देणार नाही.

नोंदीसाठी: मी अंबाकिस्ये म्वाकाबुले, वय ५८, जिल्ह्याच्या जमीन कार्यालयात एकतीस वर्षं रेकॉर्डकीपर, आता निवृत्त. शाळांमध्ये कॉम्प्युटर लॅब लावून देणाऱ्या स्वयंसेवक गटाचा या भागातला प्रमुख. गटात मी, म्बेयाहून दर शनिवारी येणारी तुंपे, आणि आणखी नऊ जण, जे फक्त व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवतात.

तुंपे सव्वीस वर्षांची. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. वायरी जोडायला ठीक. अनुभव कमी.

लॅबची किल्ली एकच. ती मी खिशात ठेवली. कोणीतरी ठेवायलाच हवी.

१० मार्च, शनिवार

तुंपेने दिवसभर टेबलांखाली सरपटत सगळं जोडलं. मी देखरेख केली. चार वाजता मेन स्विच. चोवीस पडदे एकदम उजळले. खिडकीच्या गजांना फॉर्म फोरच्या, म्हणजे बोर्डाच्या वर्गातल्या, बावीस मुली लटकल्या होत्या. 

या बावीस जणी म्हणजे शाळेत कॉम्प्युटर विषय घेतलेली पहिली तुकडी. पुस्तक पाठ आहे, यंत्राला बोट लागलेलं नाही. २१ मे रोजी जिल्ह्याची प्रात्यक्षिक परीक्षा. त्यात जी बसणार नाही, तिचा विषय नोव्हेंबरच्या बोर्डाच्या परीक्षेतून कापला जाणार. मग म्बेयाच्या टेक्निकल कॉलेजचं नाव काढायला नको.

तुंपे म्हणाली, बाबा, सोमवारपासूनच बसवू या ना त्यांना. मी हसलो. समजावून सांगितलं की आधी जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी साहेब येणार, रिबन कापणार, पाटीवरचा पडदा ओढणार, मी अहवाल वाचणार, मग मुली. पाहुणे यायच्या आधी ताटात हात घालायची रीत आपल्याकडे कधीपासून आली? मुख्याध्यापिका सेकेलाबाईंनी मान डोलावली. त्यांनी मंडपवाल्याला सांगूनही ठेवलंय. तारीख २४ मार्च. चौदा दिवसांत काही आभाळ कोसळत नाही.

पाटी कोरायला दिली. साहेबांचं नाव मोठं. त्याखाली माझं, मध्यम.

जाताना तुंपेने एक रजिस्टर दिलं. पावसाचे दिवस, खोलीला ओल, म्हणून प्रत्येक यंत्र आठवड्यातून एकदा उघडं करून तासभर चालू ठेवायचं आणि त्याच्या रकान्यात टिक करायची. मला रजिस्टर शिकवतेय. एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं?

१२ मार्च, सोमवार

दारावर स्वतःच्या अक्षरात नोटीस लावली: उद्घाटनापर्यंत कोणीही हात लावू नये. अक्षर अजून चांगलं आहे माझं.

घरी अतुपेलेला सांगितलं, चोवीस पडद्यांना चोवीस क्रोशाची झाकणं हवीत, पांढरी, निळ्या काठाची. ती म्हणाली, यंत्रांना थंडी वाजते का. बायकोला शोभेचं महत्त्व कळत नाही. पण लोकर काढून बसली.

१५ मार्च, गुरुवार, दुपारी ३

पहिली तपासणी. आतून कडी लावून क्रमांक एक चालू केला. यंत्रावर ताण दिल्याशिवाय त्याची तब्येत कळत नाही, म्हणून त्यात काय काय आहे ते पाहिलं. एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव सापडला. ताण देण्यासाठी दोन डाव खेळलो. यंत्र उत्तम.

बाकीचे तेवीस करणार तेवढ्यात पाच वाजले. शनिवारी चालू झाले होतेच. पाच दिवसांत यंत्र आजारी पडत नाही. चोवीस टिक केल्या. पान देखणं दिसतंय.

२३ मार्च, शुक्रवार

निरोप आला. साहेबांना राजधानीला, डोडोमाला बोलावणं. उद्घाटन १४ एप्रिलला. मंडपवाला बांबू परत घेऊन गेला. जाताना बडबडत होता, मी लक्ष दिलं नाही.

अतुपेलेची झाकणं पूर्ण. घातली. चोवीस नवऱ्या बसल्यासारखं दिसतंय. ओल लागू नये म्हणून वरून प्लास्टिकही बांधलं. आता प्रत्येक आठवड्याला हे सोडायचं आणि बांधायचं म्हणजे झाकणांच्या निऱ्या बिघडणार. क्रमांक एकचं तेवढं सैल ठेवलंय, नमुना म्हणून.

संकल्प: पुढच्या आठवड्यापासून रोज चार यंत्रं. सहा दिवसांत चोवीस. हिशेब सोपा आहे.

३१ मार्च, शनिवार

तुंपे आली. आत बघू या म्हणाली. मी म्हटलं, निऱ्या बिघडतील, रजिस्टर बघ. तिने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, बाबा, दुसऱ्या दोन शाळांत ओलीने निम्मी यंत्रं गेली, कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. तुमच्यासारखा एक माणूस तिथे असता तर. आणि तिने माझ्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, असं काम करावं.

नऊ अंगठे आले.

रात्री जेवलो नाही. दुपारचे राजमे नीट शिजले नव्हते. अतुपेलेला बोललो. ती म्हणाली, तेच मी पण खाल्ले.

११ एप्रिल, बुधवार

आज लॅबबाहेरच्या ओसरीत बावीस मुली ओळीने बसलेल्या. मांडीवर बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर पेनाने काढलेला कीबोर्ड. ही कल्पना लुगानोची. लुगानो म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात उंच, आई बाजारात केळी विकते. एक जण पुस्तकातलं वाक्य वाचते, बाकीच्या पुठ्ठ्यावर बोटं आपटतात. माझ्या नोटिशीच्या बरोबर खाली.

प्रत्येकीने पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात एक आकडा लिहिलाय. मी विचारलं हे काय. खिडकीतून बघून त्यांनी आपापली यंत्रं वाटून घेतली आहेत, एक ते बावीस. भांडणसुद्धा होऊन मिटलं. लुगानोचं सात, खिडकीजवळचं.

तिने विचारलं, बाबा, खरं बटण दाबल्यावर आवाज कसा येतो? मी म्हटलं, शनिवारी कळेलच.

शिस्तीचं वाईट वाटून घ्यायचं नसतं. आत जाऊन तपासणी केली. नऊ डाव.

१३ एप्रिल, शुक्रवार

रस्त्यावर दरड. साहेब येऊ शकत नाहीत. नवी तारीख ५ मे. मुलींना बाईंनी सांगितलं. मी लायब्ररीत होतो, तिथे महत्त्वाचं काम होतं.

२६ एप्रिल, गुरुवार

संघदिनाची सुट्टी, शाळा रिकामी. आज एकेक करून सगळी यंत्रं बघायचीच, असा संकल्प करून सकाळी नऊला गेलो.

दार उघडल्यावर अळंब्यांचा वास आला. खिडकी उघडली असती, पण चोरांची भीती.

सातपासून सुरुवात केली. का कोण जाणे. निऱ्या सोडल्या, प्लास्टिक काढलं. आतून पाण्याचे थेंब ओघळले. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. पाच मिनिटं थांबून, दुसरीकडे बघून, मग अचानक दाबलं. काही नाही.

प्लग सैल असणार. तुंपेने घाईत जोडलंय.

झाकण परत घातलं, निऱ्या पूर्वीपेक्षा चांगल्या जमल्या. बाकीचे आज बघितले नाहीत. एका दिवशी एकच गोष्ट नीट करावी.

सातच्या रकान्यात टिक केली. टिक म्हणजे ‘पाहिलं’. ‘चालू आहे’ असा तिचा अर्थ कुठेही लिहिलेला नाही. जमीन कार्यालयातही असंच होतं.

२८ एप्रिल, शनिवार

तुंपेला आज सांगायचं ठरवलं होतं. वाक्य तयार होतं: सातचा प्लग बघ जरा. एवढंच.

ती अकराच्या बसने आली, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली. पिशवीतून कागदात बांधलेले मंदाझी काढले. तिच्या आईने माझ्यासाठी तळून पाठवले होते. म्हणे, घरी रोज तुमचं नाव निघतं.

मंदाझी चांगले होते. चार खाल्ले. तोंडात घास असताना बोलू नये.

३ मे, गुरुवार

आठ, नऊ आणि बारा. तिन्ही मुके. बाकीच्यांना हात लावला नाही. न पाहिलेलं यंत्र निदान बिघडलेलं तरी नसतं.

एक छान चालतंय. अकरा डाव, दोन जिंकले. आठवड्याच्या चोवीस टिक.

४ मे, शुक्रवार

साहेबांचा घसा बसलाय. १८ मे, शुक्रवार. परीक्षा त्यानंतरच्या सोमवारी.

सेकेलाबाई ऑफिसात हात कपाळाला लावून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, म्झेए (वडीलधाऱ्याला इथे असंच म्हणतात), जाऊ दे ते उद्घाटन. आत्ता उघडा दार, बसू द्या पोरींना. साहेब आले की रिबन परत बांधू, त्यांना काय कळतंय. मी जबाबदारी घेते.

इथे मी काय केलं ते लिहून ठेवतो, कारण लिहिल्यावर ते बरं दिसेल असं वाटतंय.

मी उभा राहिलो. आवाज चढवला. म्हटलं, बाई, ज्या दिवशी आपण पाहुण्याच्या पाठीमागे रिबन कापू, त्या दिवशी या जिल्ह्यात आपल्या शब्दाला किंमत उरणार नाही. मुली काय शिकतील, यंत्र चालवायला की फसवायला? बाईंनी कपाळावरचा हात काढला. मग म्हणाल्या, तुमचं बरोबर आहे, मीच घाबरले होते. उलट त्यांनीच माझी माफी मागितली.

लिहिलं. बरं दिसत नाहीये.

१० मे, गुरुवार

ताटात मक्याच्या पिठाची उगाली तशीच राहिली. अतुपेले म्हणाली, ऑफिसात मुखिजाची फाइल हरवली होती तेव्हा तुमचं तोंड असंच झालं होतं. मी म्हटलं, ती फाइल हरवली नव्हती, ती चुकीच्या कपाटात होती. ती म्हणाली, चार वर्षं.

मग तिने विचारलं, काय झालंय लॅबमध्ये. मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, त्या तुंपेला फोन लावा, आत्ता. आठ दिवस आहेत अजून. मी म्हटलं, फोनचं चार्जिंग कार्यक्रमासाठी राखून ठेवलंय.

तिने ताट उचलून नेलं.

संकल्प: उद्या फोन करणार.

१२ मे, शनिवार

काल नेटवर्क नव्हतं. संध्याकाळी आलं, पण तोपर्यंत उद्या शनिवार असल्याने तुंपे येणारच होती. ती आज आली नाही, तिच्या आईला ताप. यात माझा काय दोष?

अहवाल लिहायला घेतला. पहिलं वाक्य: चोवीस संगणक सुस्थितीत, या शाळेच्या सेवेत सादर. भाषा चांगली जमतेय.

१७ मे, गुरुवार, संध्याकाळी ५

मंडप उभा आहे. पाटी भिंतीवर बसली, वर पडदा. माझं नाव मध्यम म्हटलं होतं, बारीक आलंय, पण वाचता येतं.

असाही विचार केला की उन्हं पडली आहेत, ओल सुकेल, उद्या कदाचित सगळे चालू होतील. यंत्रांचं काही सांगता येत नाही. मन शांत करायला एक शेवटचा डाव खेळलो. जिंकलो नाही. मग झाकण टाकून आलो.

१८ मे, शुक्रवार

साहेब दहाला यायचे ते साडेबाराला आले. गाणं, हार, भाषणं. मी अहवाल वाचला. ‘सुस्थितीत’ या शब्दापाशी थांबून पाणी प्यायलो. टाळ्या. रिबन कापली. पाटीवरचा पडदा ओढला.

साहेब क्रमांक एकवर बसले. झाकण काढलं, माउसला हात लावला, पडदा उजळला. त्यावर कालचा डाव. मी यंत्र बंदच केलं नव्हतं. मधोमध चौकट: खेळलेले डाव ६११, जिंकलेले ५३.

साहेब हसले. म्हणाले, इथे कोणीतरी चांगलाच अभ्यास केलेला दिसतोय. सगळे हसले. किल्ली एकच होती आणि ती माझ्या हातात. मी ती खिशात घातली.

मग साहेब उठले आणि बाईंनी मुलींना सांगितलं, बसा. बावीस जणी आपापल्या आकड्यावर जाऊन बसल्या, एकही चुकली नाही. झाकणं काढली, घड्या करून मांडीवर ठेवली. बटणं दाबली.

एक चालूच होता. चार लागला. सोळा लागला. बाकी काही नाही.

मुली वाट बघत बसल्या. त्यांना वाटलं, असंच असतं, वेळ लागतो. हे मला आयुष्यभर पुरेल. कोणी ओरडलं नाही, कोणी उठलं नाही. नऊ क्रमांकाच्या मुलीने तेवढा पाय वर घेतला, कारण यंत्राच्या फटीतून उंदीर निघाला. आत घरटं होतं, पांढऱ्या आणि निळ्या लोकरीचं. अतुपेले मागे बायकांत उभी होती. तिने आपली लोकर ओळखली.

लुगानो सातचं बटण दाबत राहिली. अलगद, यंत्राला दुखणार नाही अशा बेताने.

साहेबांनी घड्याळ बघितलं, चांगला प्रयत्न आहे म्हणाले, आणि जेवायला गेले. कार्यक्रमासाठी आलेल्या तुंपेने सातची मागची बाजू उघडली. आत हिरवं झालेलं. तिने रजिस्टर मागितलं. पान पान उलटलं, सातच्या रकान्यातून बोट खाली नेलं. तिचा आवाज वाढला नाही. तिने एवढंच विचारलं, बाबा, हे तुम्ही पाहिलं होतं?

मी म्हटलं, पाहिलं होतं.

ती म्हणाली, मला सांगितलं असतं ना नुसतं. मी रविवारी पण आले असते.

२० मे, रविवार

दोन दिवस तुंपे चर्चलाही न जाता टेबलाखाली आहे. तेवीस आणि चोवीसचे भाग काढून इतरांना लावतेय. अतुपेले शेजारी बसून कापडाने एकेक पट्टी पुसून कोळशाच्या शेगडीजवळ वाळवतेय. मला कोणी काही सांगत नाही. मी चहा करतो. नेऊन ठेवतो. दोनदा गार झाला.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरचा माझ्या पानाचा फोटो तुंपेने डिलीट केलाय. कारण लिहिलं नाही. यावेळी अंगठे नाहीत.

संध्याकाळपर्यंत सहा चालू झाले. एक, चार, अकरा, पंधरा, सोळा, वीस. बाईंनी मुलींना विचारलं, चिठ्ठ्या टाकू या का. मुली आपसात बोलल्या आणि म्हणाल्या, नको, आकडे आधीच वाटलेत, तेच राहू द्या.

२१ मे, सोमवार

सकाळी परीक्षक आले. एकच सत्र, दर मुलीला एक यंत्र. सहा मुली आत गेल्या. सोळा ओसरीत राहिल्या. मी दारापाशी होतो. नोटीस अजून तिथेच होती, ती काढली. डिंक चांगला लागला होता, निम्मी भिंतीवरच राहिली.

आतून बटणांचा आवाज येत होता. लुगानो पुठ्ठा मांडीवर घेऊन ऐकत होती. तिने विचारलं, बाबा, सात पहिल्यापासूनच बंद होतं ना?

हो म्हणता आलं असतं. तिने उत्तर हातात आणून दिलं होतं आणि तिला ते खरंच वाटलं असतं. मी म्हटलं, नाही. दहा मार्चला चालू होतं. मी बघितलंय. नंतर बंद पडलं, तेही मी बघितलं, आणि गप्प बसलो.

 मला वाटलं रडेल, निदान काहीतरी बोलेल. तिने पुठ्ठ्याची घडी घातली, दप्तरात ठेवली, म्हणाली, मग मी जाते, आईला बाजारात मदत होईल. आणि गेली. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. मुखिजाच्या फाइलच्या वेळीसुद्धा नाही.

बारा वाजता परीक्षकांनी फॉर्म दिला. नोंदलेल्या मुली: २२. बसलेल्या: ६. त्यापुढे एक रकाना: कारण. बाईंनी तो माझ्यापुढे सरकवला. तुम्हीच भरा म्हणाल्या.

आधी ‘पावसाळी हवा’ लिहिणार होतो. मग ‘तांत्रिक अडचण’. दोन्हींना कोणी हरकत घेतली नसती. पेन तेच होतं, टिकचं. 

मग लिहिलं. अंबाकिस्ये म्वाकाबुले. पूर्ण रकाना भरला.

बाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, म्झेए, सही खाली करायची असते. हा कारणाचा रकाना आहे.

मी म्हटलं, माहीत आहे.